कव्हरवर नसलेली नावं

बीटल्सचा पांढऱ्या, जवळजवळ कोऱ्या कव्हरचा दुहेरी अल्बम २२ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्याच बाजूला शेवटून दुसरं गाणं आहे, ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’. गाणं बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं, आवाज त्याचाच, पण त्यात जी गिटार रडते ती एरिक क्लॅप्टनची. कव्हर उलटंसुलटं करून पाहा, क्लॅप्टनचं नाव कुठेही सापडत नाही.

पुढे १९६९च्या सुरुवातीला क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या त्रिकुटाचा निरोपाचा अल्बम ‘गुडबाय’ आला. त्यातल्या ‘बॅज’ या गाण्यात गिटारची साथ करणाऱ्याचं नाव छापलं होतं ‘लाँजेलो मिस्तेरिओसो’, म्हणजे गूढ देवदूत. हा देवदूत म्हणजे हॅरिसन. परतफेड झाली होती, फक्त ती कागदावर येऊ द्यायची नव्हती.

या लपवाछपवीचं कारण अगदी रुक्ष होतं. त्या काळी वादक रेकॉर्ड कंपनीला बांधलेला असे. बीटल्स ईएमआयचे, तर क्रीमच्या रेकॉर्ड इंग्लंडात पॉलिडोर काढत असे. दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवायचं तर आधी परवानगी काढा, मग कव्हरवर ‘अमुक कंपनीच्या सौजन्यानं’ असं छापा. मित्राकडे जाऊन दोन तास वाजवण्यासाठी एवढे कागद कोण रंगवणार? त्यापेक्षा खोटं नाव बरं, नाहीतर नावच नको. आपल्याकडे कवींनी हौसेनं टोपणनावं घेतली, या मंडळींनी ती करारांपायी घेतली. हॅरिसनला मात्र पुढे त्याचीही हौस जडली. कुठे तो ‘जॉर्ज ओहारा’ झाला, कुठे ‘हरी जॉर्जसन’.

पण करार हा झाला वरवरचा भाग. मुळात या लोकांना एकमेकांच्या रेकॉर्डवर वाजवायची इतकी ओढ का होती, हे पाहायचं तर दोन वर्षं मागे जावं लागतं.

१९६६ साली लंडनच्या भिंतींवर कुणीतरी ‘क्लॅप्टन इज गॉड’ असं रंगवून ठेवलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲनिमल्स या बँडचा बेसवादक चास चँडलर न्यूयॉर्कहून जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाला घेऊन लंडनला आला. येण्याआधी हेंड्रिक्सची चौकशी एकच होती, क्लॅप्टनची भेट घालून द्याल ना? आठवडाभरात, १ ऑक्टोबरला, रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निकमध्ये क्रीमचा कार्यक्रम होता. हेंड्रिक्सनं मधेच वाजवायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि त्यानं ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ सुसाट वेगात सुरू केलं. क्लॅप्टनला ते गाणं अवघड वाटायचं. त्याचे हात थांबले आणि तो मंचावरून आत निघून गेला. पाहुण्या गवयाला मैफलीत दोन चिजा म्हणू द्याव्यात आणि त्यानं यजमानाचीच मैफल लुटावी, तसा प्रकार.

नवल म्हणजे त्यातून वैर नाही, दोस्ती झाली. हेंड्रिक्सची दाद द्यायची रीतही न्यारी होती, तो समोरच्याचंच गाणं उचलून वाजवायचा. ‘सार्जंट पेपर’ हा बीटल्सचा अल्बम नुकताच दुकानांत आला होता. ४ जून १९६७ला सॅव्हिल थिएटरात हेंड्रिक्सनं कार्यक्रमाची सुरुवातच त्याच्या शीर्षकगीतानं केली, तीही पॉल मॅकार्टनी आणि हॅरिसन प्रेक्षकांत बसलेले असताना. जानेवारी १९६९मध्ये बीबीसीवर गायिका लुलूच्या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात त्यानं आपलं ठरलेलं गाणं अर्ध्यात सोडलं आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीमसाठी त्यांचंच ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ वाजवायला घेतलं. वेळ संपून गेली तरी तो थांबेना. निर्मात्यांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हॅरिसनची गोष्ट वेगळी. त्याची स्पर्धा घरातच होती. बँडमधल्याच जॉन लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांच्या राशीत त्याच्या वाट्याला अल्बममागे एखाद-दोन जागा यायच्या. सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डवर, तर त्याचं गाणं १९६८पर्यंत आलंच नव्हतं. ते आलं त्याचा धागा आपल्या मुंबईत आहे. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ध्वनिमुद्रण केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खाँ. चित्रपटाचं काम उरकल्यावर त्याच वाद्यमेळाकडून त्यानं आणखी एक चाल वाजवून घेतली आणि गायचं काम लंडनला परतल्यावर केलं. हे गाणं म्हणजे ‘द इनर लाइट’. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं, बीटल्सच्या सिंगलवरचं हॅरिसनचं पहिलं गाणं. मुंबईच्या वादकांची नावं त्या सिंगलवर नव्हती. क्लॅप्टनचं नाव गळलं म्हणून हळहळणाऱ्या चाहत्यांना ही गळती सहसा आठवत नाही.

‘वंडरवॉल’च्या अल्बमवर भारतीय वादकांची नावं मात्र आहेत. त्याच अल्बमच्या लंडनमधल्या भागात ‘एडी क्लेटन’ नावाचा गिटारवादक आहे. तो क्लॅप्टन. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या पोरसवदा वयातल्या स्किफल (साध्यासुध्या वाद्यांवरचं लोकसंगीत) बँडचं नाव तेच होतं. आणि ‘रिची स्नेअर’ म्हणजे खुद्द रिंगो, स्नेअर हा ड्रमचाच एक प्रकार.

आता क्लॅप्टन बीटल्सच्या स्टुडिओत आला तो १९६८चा सप्टेंबर. ‘व्हाइल माय गिटार’ हॅरिसननं जुलैपासून लावून धरलं होतं. एकदा नुसत्या अकूस्टिक गिटारवर करून झालं, मग सगळ्यांना घेऊन, मग गिटार उलटी वाजवल्याचा परिणाम साधण्यात एक रात्र गेली. मनासारखं होईना, आणि बाकीच्यांचं लक्ष नाही ही त्याची तक्रार. घरातलं वातावरणही बिघडलेलं. ऑगस्टमध्ये खुद्द रिंगो बँड सोडून निघून गेला होता. तो परतला तेव्हा हॅरिसननं त्याचे ड्रम फुलांनी सजवून ठेवले होते. ६ सप्टेंबरला हॅरिसन लंडनजवळच्या सरेहून गाडीनं लंडनला निघाला, सोबत क्लॅप्टन होता. येऊन वाजवशील का, असं त्यानं गाडीतच विचारलं. क्लॅप्टन बिचकला, बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही म्हणाला. गाणं माझं आहे, मी बोलावतोय, हे हॅरिसनचं उत्तर.

गिटारही हॅरिसनच्याच घरची होती. लालचुटूक लेस पॉल, नाव ‘लूसी’, जी महिन्याभरापूर्वी क्लॅप्टननंच त्याला भेट दिली होती. पाहुणा स्टुडिओत शिरला आणि सगळे एकदम शहाण्यासारखे वागू लागले. पाहुणा आला की घरातली भांडणं माजघरात जातात, तसंच ते, हे पुढे हॅरिसननंच आपल्या शब्दांत सांगितलंय. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर क्लॅप्टनची शंका अशी की हे फार क्लॅप्टनसारखं वाटतंय, बीटल्ससारखं नाही. तेव्हा तंत्रज्ञांनी यंत्राशी झटापट करून गिटारच्या सुराला किंचित हेलकावा दिला. हेडफोन लावून ऐका, सूर पाण्यावर हलल्यासारखा वाटतो. म्हणजे नाव तर लपवलंच, हातही थोडा लपवला!

‘बॅज’ हे नावसुद्धा अपघातानं पडलं. दोघं समोरासमोर बसून लिहीत होते. हॅरिसननं गाण्याच्या मधल्या भागावर ‘ब्रिज’ असं लिहिलं आणि समोरून कागद उलटा वाचणाऱ्या क्लॅप्टनला ते ‘बॅज’ दिसलं.

पाहुण्याची ही युक्ती हॅरिसननं चारच महिन्यांत पुन्हा वापरली. १० जानेवारी १९६९ला तो स्वतःच चालू तालमीतून उठून गेला. तेव्हा लेनन म्हणाला, परत नाही आला तर क्लॅप्टनला घेऊ. ज्याला यानं पाहुणा म्हणून आणलं, त्यालाच याच्या पाटावर बसवायची भाषा! हॅरिसन परतला आणि येताना कीबोर्डवादक बिली प्रेस्टनला स्टुडिओत घेऊन आला. पुन्हा सगळे नीट वागले. एप्रिलमध्ये ‘गेट बॅक’ सिंगल आलं तेव्हा त्यावर ‘द बीटल्स विथ बिली प्रेस्टन’ असं चक्क छापलेलं होतं.

पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलंय. क्लॅप्टन हॅरिसनच्या पत्नीच्या, पॅटी बॉइडच्या, प्रेमात पडला. १९७०चा ‘लायला’ हा अल्बम तिच्यासाठीच. त्याच अल्बमसाठी सप्टेंबरात त्यानं हेंड्रिक्सचं ‘लिटल विंग’ वाजवलं, आणि ते मुद्रित झाल्यावर काही दिवसांतच, १८ तारखेला हेंड्रिक्स गेला. त्याला द्यायला क्लॅप्टननं एक डावखुरी स्ट्रॅटोकास्टर गिटार विकत घेतली होती, ती तशीच राहिली. १९७९मध्ये क्लॅप्टन आणि पॅटीचं लग्न झालं. मे महिन्यातल्या त्यांच्या मेजवानीत आधीचा नवरा गिटार घेऊन हजर होता, बरोबर मॅकार्टनी आणि रिंगोही. १९९१च्या डिसेंबरात हॅरिसनचा जपान दौरा झाला, त्यात साथीला क्लॅप्टन आणि त्याचाच बँड होता.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ला गेला. बरोबर वर्षानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि संगीताची सगळी जबाबदारी क्लॅप्टनकडे होती. पूर्वार्धात पंडित रविशंकरांची ‘अर्पण’ ही रचना त्यांची कन्या अनुष्का हिच्या संचालनाखाली सादर झाली. तिथे क्लॅप्टन भारतीय वादकांमध्ये अकूस्टिक गिटार घेऊन बसला होता. उत्तरार्धात ‘व्हाइल माय गिटार’ सुरू झालं. पियानोवर पॉल, ड्रमवर रिंगो. हॅरिसनच्या ओळी या वेळी पाहुण्यालाच गायच्या होत्या.