हरवलेला उसासा

दर पाचेक मिनिटांनी आपण एक उसासा टाकतो, मनाला काही टोचत असो वा नसो. नेहमीच्या श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते, उसाशात त्याच्या दुप्पट. मिटू लागलेले वायुकोश, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्या, त्या जादा हवेने पुन्हा उघडतात.

भूल दिली की हा उसासा थांबतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत ते जास्त महागात पडतं. लठ्ठ माणूस उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलाला छातीत ढकलतो. त्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्यासाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं. फुफ्फुसांच्या पाठीकडचे वायुकोश मिटतात. सडपातळ रुग्णात ते दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक उघडतात. अतिलठ्ठ रुग्णांत 24 तासांनंतरही सीटी स्कॅनवर मिटलेले दिसले आहेत. तिथे कफ साचला की न्यूमोनियाची वाट मोकळी. म्हणूनच भूलतज्ज्ञ डोक्याकडची बाजू उंच ठेवतात आणि व्हेंटिलेटरवर श्वास सोडतानाही फुफ्फुसांत थोडा दाब राखतात.

शुद्धीवर आल्यावर रुग्णाच्या हाती तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाचा सराव करायचं साधन, येतं. बहुतेक जण पहिल्यांदा त्यात जोरात फुंकतात. गोळ्या ढिम्म. मग नर्स सांगते, "फुंकायचं नाही, ओढायचं!" म्हणजे हा मुद्दाम घ्यायचा उसासाच. तरी या खेळण्यावर फार भिस्त नको. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या, रुग्णांपैकी निम्म्यांना ते दिलं, निम्म्यांना नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. माझ्या मते खरं काम पाय करतात. त्याच दिवशी उठून चार पावलं टाकली की श्वास आपोआप खोल जातो. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरावी, टाक्यांवर ताण कमी येतो. दुखणं तसंच सोसत राहिलं तर माणूस वरवरचा श्वास घेतो, म्हणून वेदनाशामक हवंच. पण अफूच्या जातीचं औषध जपून, कारण ते श्वास मंदावतं.

घोरणाऱ्यांना हा धोका जास्तच लागू. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, स्लीप ॲप्निया, या रुग्णांत सर्रास असतो आणि अनेकदा शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीतच उघड होतो. ज्यांच्याकडे सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, आहे त्यांनी ते दवाखान्यात सोबत न्यावं. मशीनच्या दाबाने पोटातली नवी शिवण उसवेल, अशी भीती एकेकाळी होती. अभ्यासांत तसं आढळलं नाही.

सिगारेट काही आठवडे आधी सोडायची, हे वेगळं सांगायला नको.

एक शत्रू मात्र फुफ्फुसांत जन्मत नाही, पायांतून येतो. पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. ते टाळायला रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं आणि पोटऱ्या दाबणाऱ्या पिशव्या असतात. पण यातल्या बऱ्याच गुठळ्या घरी गेल्यावर त्रास देतात, त्यामुळे काहींना इंजेक्शनं घरीही चालू ठेवावी लागतात. एकच पाय सुजला, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये, थेट इमर्जन्सी विभाग गाठावा.