चर्मव्यवसायातील जुने इंग्रजी शब्द

कातडे कमावणे, त्याला मऊपणा आणणे आणि त्यापासून वस्तू घडवणे या कामांतून इंग्लंडमध्ये रूढ झालेली शब्दसंपदा. रबर आणि प्लॅस्टिक येण्याआधी पाणी साठवण्यापासून घोडा जुंपण्यापर्यंत असंख्य कामे चामड्यावर चालत, त्यामुळे ही शब्दसंपदा फार मोठी आहे. त्यातले काही शब्द आज केवळ आडनावांत उरले आहेत, तर काहींचा चामड्याशी संबंध होता हे बोलणाऱ्यांच्याही ध्यानात नसते.

या व्यवसायाचे एक सुंदर जुने चित्र इ. स. १००० च्या सुमारास सापडते. एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी एक संवाद रचला. त्याच्या एका हस्तलिखितात लॅटिन ओळींच्या वर जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिलेले आहेत. त्यातला जोडे करणारा कारागीर आपण कोणती कातडी विकत घेतो आणि त्यांचे काय करतो ते सांगतो : जोडे, सपाता, पायांची आवरणे, बुधले, लगामाच्या वाद्या, घोड्याचा साज, मोहरक्या, बटवे, पिशव्या. शेवटी तो बजावतो की, माझ्या कसबावाचून तुमच्यापैकी कोणीही हिवाळा काढायला धजणार नाही. त्या काळातील कारागिराचा इतका ठाम स्वर क्वचितच ऐकू येतो.

कच्च्या मालापासूनच नावे वेगळी होती. गाय-बैलासारख्या मोठ्या जनावराचे ते हाईड, शेळी-मेंढीचे ते स्किन, वासराहून मोठ्या पण पूर्ण न वाढलेल्या जनावराचे ते किप. लोकरीसकट मेंढीचे कातडे म्हणजे फेल. ते घेऊन लोकर वेगळी करणारा आणि कातडे पुढे विकणारा तो फेलमाँगर.

कातडे कमावणारा तो टॅनर. तो चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेली कातडी ओकच्या कुटलेल्या सालीबरोबर खड्ड्यांत ठेवी. जाड कातड्याला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ओकच्या सालीला टॅनम म्हणत, त्यावरून टॅन, म्हणजे कातडे कमावणे, आणि टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे द्रव्य, हे शब्द आले. साल म्हणजे बार्क, म्हणून बार्कर हे आडनावही मुळात याच धंद्याचे. पातळ कातड्यांची रीत निराळी होती. ती तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक यांनी पांढरी व मऊ केली जात. हे काम करणारा तो व्हिटटॉअर. शेक्सपिअरचे वडील जॉन स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे करणारे आणि व्हिटटॉअर होते. ट्वेल्फ्थ नाइट या नाटकात हुशार माणसाच्या हाती वाक्य म्हणजे चटकन उलटे करता येणारा मऊ कातड्याचा हातमोजा, असे विदूषक म्हणतो. ही उपमा सुचायला घरातल्या धंद्याची ओळख नक्कीच उपयोगी पडली असेल.

टॅनरकडून आलेले चामडे ताठ असे. करियर नावाचा कारागीर ते तासून, चरबी आणि माशाचे तेल मुरवून लवचिक करी. या कामाचे इंग्रजी क्रियापद ‘करी’. घोड्याला खरारा करण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद आहे. ताटातल्या करीशी मात्र त्याचे काही नाते नाही. १५६३ च्या कायद्याने टॅनर आणि करियर ही दोन्ही कामे एकाने करण्यास बंदी घातली. महाराष्ट्रातही कातडे कमावणारे ढोर आणि जोडे करणारे चांभार अशी वाटणी होती. पण तिकडची वाटणी कायद्याने आणि व्यावसायिक संघांनी घातलेली होती, इथली जन्माने लादलेली. हा फरक विसरून दोन्हींची तुलना करता येत नाही.

नव्या चामड्याचे जोडे करणारा तो कॉर्डवेनर. हे नाव स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराच्या प्रसिद्ध चामड्यावरून पडले. जुने जोडे दुरुस्त करणारा तो कॉब्लर. लंडनच्या कॉर्डवेनरांना १४३९ मध्ये राजसनद मिळाली आणि शहराच्या एका विभागाला आजही त्यांचेच नाव आहे.

वस्तूंच्या नावांपैकी ब्लॅकजॅक म्हणजे आतून डांबरासारखा लेप दिलेला, बिअर पिण्याचा चामडी चंबू. त्याचा मोठा अवतार तो बॉम्बार्ड. कॉस्ट्रेल ही कमरेला किंवा खांद्याला अडकवायची बाटली. बफ हे तेलाने कमावलेले जाड चामडे. १६४२ ते १६५१ च्या यादवी युद्धात सैनिक त्याचे कोट घालत. बजेट या शब्दाचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. फ्रेंच बूझेत, म्हणजे लहान चामडी पिशवी, यावरून तो आला. १७३३ मध्ये पंतप्रधान वॉलपोल यांच्या करविषयक योजनेवर टीका करताना ‘बजेट उघडले’ असे म्हटले गेले आणि पिशवीचे नाव सरकारी जमाखर्चाला चिकटले.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बर्मंडसी भागात हा धंदा एकवटला होता. तिथे पातळ कातडी स्वच्छ आणि मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा वापरत आणि तिला प्युअर म्हणत. ती रस्त्यांवरून गोळा करून पोट भरणाऱ्या गरिबांचे वर्णन पत्रकार हेन्री मेह्यू यांनी १८५१ मध्ये केले आहे. ओकची साल महाग आणि संथ, म्हणून भारतातील हिरडाही मुंबई बंदरातून इंग्लंडला जाऊ लागला. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीबरोबर याच हिरड्याने कमावतात. मद्रासकडून तर तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी थेट लंडनच्या बाजारात जात. तिथे करियर त्यांवर पुढचे काम करत आणि व्यापारी त्यांना ईस्ट इंडिया किप म्हणत.