बाळंतिणीच्या खोलीतली ऊब नक्की कुणासाठी?

खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, आईच्या कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल, आणि पंख्याच्या बटणाला हात लावायची कुणाची बिशाद नाही. आता बाजेच्या जागी बेड आला आणि शेगडीच्या जागी हीटर, पण ‘वारं लागेल’ ही धास्ती चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा कायम असते. या खोलीत आई आणि बाळ दोघांनाही सारखीच ऊब दिली जाते, आणि घोळ तिथेच होतो. बाळाला उबेची खरोखर गरज असते. आईचं शरीर मात्र त्या दिवसांत साठलेलं पाणी बाहेर टाकण्याच्या मागे लागलेलं असतं.

आधी बाळाचं बघू. आईच्या पोटात ते 37 अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. बाहेर येतं ते ओलंचिंब, आणि अंगावरचं पाणी वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातं. त्यातून वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाच्या अडीच ते तीन पट, म्हणजे उष्णता निसटायला जागा भरपूर. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला ही सोय जवळजवळ नसते. त्याच्याकडे असते तपकिरी चरबी. मान, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि मूत्रपिंडांभोवती तिचे साठे असतात. ही चरबी जळते ती थेट उष्णता देण्यासाठीच. गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत ती भरत जाते, म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ फार लवकर गार पडतं.

ही चरबी जाळायला प्राणवायू आणि साखर दोन्ही लागतात. गारठलेलं बाळ आपली शिल्लक त्यातच संपवतं, मग सुस्तावतं आणि दूध ओढेनासं होतं. घरचे म्हणतात, “किती शहाणं आहे, रडत नाही.” मला या कौतुकाची भीती वाटते. अशा वेळी हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट आणि मग तळपाय चाचपून पाहावेत. दोन्ही कोमट आणि तळवे गुलाबी असतील तर सगळं ठीक. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय. त्याला लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

छातीशी घेणं म्हणजे शब्दशः घेणं: लंगोट आणि टोपडं एवढ्यावर असलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून दुपटं घ्यायचं. इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. कांगारू मदर केअर ती हीच. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्या जन्मल्याच असं धरलं तर काय होतं, हे भारतासह पाच देशांत तपासलं गेलं. 2021 मध्ये निकाल आले तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. बाबाच्या छातीवरही ऊब मिळते, हे सासरच्या मंडळींना आवर्जून सांगावं. पहिली अंघोळही निदान 24 तास थांबू शकते. अंगावरचा पांढरा चिकट थर ही घाण नव्हे, घासून काढायची गरज नाही.

उबेचं महत्त्व महाराष्ट्रात कसोटीला लागलं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला शिकवलं: वजन करायचं, ताप मोजायचा, बाळ उबदार ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. आज प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत आशाताई सहा वेळा घरी येतात, त्याचं मूळ या कामात आहे.

पण ऊब म्हणजे भट्टी नव्हे. उन्हाळ्यात तीन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाचं अंग तापतं, आणि मग तो ताप खरा की गुंडाळल्याचा, हे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. आपल्यापेक्षा एक थर जास्त, एवढा हिशेब पुरतो. पंखा किंवा एसी चालतो, फक्त झोत थेट अंगावर नको. शेगडीला मात्र मी सरळ नाही म्हणेन. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपेतच माणूस जातो. धुरीचा धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, तीही नकोच.

आता आई. गरोदरपणात तिच्या रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्के वाढलेलं असतं. बाळंतपण झालं की हे जादा पाणी पहिल्या आठवड्यात लघवीवाटे आणि घामावाटे निघतं. रात्री गाऊन भिजून जाग येते ती त्यामुळेच, वारं लागल्यामुळे नाही. अशा वेळी तिला कोंडून शेकायचं आणि वर ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ म्हणायचं, ही पद्धत मोडायला हवी. आईच्या दुधात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय या सहा आठवड्यांत पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो. त्यात पाणी कमी आणि सतत पडून राहणं, म्हणजे तो धोका आणखी वाढवणं. डिंकाचे लाडू खुशाल खावेत, पण तहान लागेल तेवढं पाणी प्यावं आणि घरातल्या घरात चालावं.

घाम आणि ताप यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. आईला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पायाला सूज आणि दुखणं, दम लागणं, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. बाळाच्या काखेत 97.7 ते 99.5 हा आकडा बरा. 97.7 च्या खाली गेला तर छातीशी घेऊन अर्ध्या-एक तासाने पुन्हा मोजावा, आणि चढत नसेल किंवा बाळ पीत नसेल तर थांबू नये. 100.4 दिसला तर काढे, गुटी काही न करता थेट बालरोगतज्ज्ञांकडे, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.