जॉर्जिया ओ'कीफचं वाळवंटातलं घर, म्हणजे खरं तर दोन घरं

अमेरिकन चित्रकार ओ'कीफ म्हटलं की ती कॅनव्हासभर फुलं आठवतात, पण त्यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या दिवसांतली. वाळवंटाने तिला हाडं दिली, मातीच्या भिंती दिल्या आणि बरीच मोकळी जागा दिली. शिवाय नवरा (फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ) १९४६ मध्ये गेल्यावर ती तिकडे पळाली असा एक समज आहे, तोही अर्धाच खरा. न्यू मेक्सिको या अमेरिकेतल्या वाळवंटी राज्यात, टाओस गावाला ती १९२९ च्या उन्हाळ्यातच मुक्कामाला गेली होती, तिथे फोर्ड गाडी घेतली, चालवायला शिकली, आणि नंतर त्या गाडीचाच स्टुडिओ केला, म्हणजे ड्रायव्हरची सीट उलटी फिरवायची, कॅनव्हास मागच्या सीटवर टेकवायचा आणि बाहेर ऊन कितीही असो, आत बसून रंगवायचं.

फुलं फारशी मिळेनात, पण दुष्काळात मेलेल्या गुरांची हाडं जिकडेतिकडे पडलेली, तर तीच गोळा केली आणि पिंपात भरून न्यूयॉर्कला धाडली. १९३१ चं ते गायीच्या कवटीचं लाल-पांढऱ्या-निळ्या रंगातलं चित्र त्यातूनच आलं. लोक त्यात मरण बघतात, तिला मात्र ती हाडं जिवंत वाटायची. मलाही, कमरेच्या हाडाच्या भोकातून दिसणारं निळं आभाळ रंगवलंय ना तिने, ते बघून मरणबिरण काही आठवत नाही.

१९४० मध्ये न्यू मेक्सिकोतच घोस्ट रँच नावाच्या जागेवर घर घेतलं, समोर लाल-पिवळे कडे आणि लांब तो सपाट माथ्याचा पेडरनल डोंगर. पण तिथे भाजीची बाग होईना, आणि ताजी भाजी आणायची तर लांब जावं लागायचं. म्हणून १९४५ मध्ये ॲबिक्यू गावातला चर्चच्या मालकीचा एक पडका वाडा घेतला, ज्याच्यावर तिचा कित्येक वर्षं डोळा होता, कारण तिथे पाटाच्या पाण्याचा हक्क होता. आणि एक दार होतं! अंगणातल्या लांबलचक मातीच्या भिंतीतलं साधं काळं दार, त्याच्यासाठीच वाडा घेतला असं ती स्वतः सांगायची. तिची मैत्रीण मारिया शॅबोट हिने उभं राहून तो वाडा सावरला, माती-पेंढ्याच्या विटा, वर हाताने केलेला मातीचा गिलावा. आपल्याकडच्या सारवणासारखंच ते, आणि तिथेही हे काम बायकांचंच. १९४९ मध्ये ती कायमची राहायला आली.

ते दार तिने वीसहून जास्त वेळा रंगवलं. दर वेळी थोडं काढून टाकलेलं, शेवटी शेवटी भिंत म्हणजे एक पट्टा आणि दार म्हणजे एक चौकोन. घोस्ट रँच मात्र सोडलं नाही, हिवाळा बहुतेक ॲबिक्यूला आणि उन्हाळा तिकडे. विमानातून बघितलेल्या ढगांचं २४ फूट लांबीचं चित्र १९६५ मध्ये तिने तिथल्या गॅरेजमध्येच केलं, वय ७७, आणि गॅरेज गरम करायची सोय नाही म्हणून थंडी पडायच्या आत संपवायची घाई.