हलग्याच्या सौधातले प्रश्न, खानापुरातली उत्तरे

डिसेंबर उजाडला की बेळगावातली लॉज भरतात, महामार्गावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहतात आणि हलगा-बस्तवाडच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचे अख्खे मंत्रिमंडळ विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनापुरते मुक्कामाला येते. बाहेर आंदोलकांचे तंबू, आत प्रश्नोत्तराचा तास. खानापूर किंवा निपाणीच्या माणसाला एरवी मंत्री दिसतो तो फलकावर. इथे मात्र आमदाराने एखाद्या रखडलेल्या नळयोजनेबद्दल विचारले, तर त्या खात्याच्या मंत्र्याला गावापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर उभे राहून उत्तर द्यावे लागते.

सरकारला प्रश्न विचारण्याचा हा हक्क बेळगावला बेंगळूरहून आलेला नाही. 1956 पर्यंत जिल्हा मुंबईकडे होता. 1892 च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण आधी नोटीस द्यायची आणि उत्तर मिळाले की मुकाट्याने खाली बसायचे, अशी ती मुभा. उत्तरावर लगेच विचारायचा उपप्रश्न आला 1909 च्या सुधारणांनी, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरता. बाकीच्या सभासदांना तो मिळाला 1919 च्या कायद्यानंतर. आज हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण सारी गोम त्यातच आहे. छापील उत्तर खात्यातला कारकून तयार करतो आणि वरचा अधिकारी त्यावर हात फिरवतो. ‘मग काम केव्हा पूर्ण होणार?’ या उपप्रश्नाला मात्र मंत्र्यालाच तोंड द्यावे लागते, आणि तिथेच त्याने फाईल वाचली आहे की नाही ते कळते.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. अंतराने फारसा फरक पडला नाही, कारण बेळगावहून मुंबई आणि बेंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरच. बदलली ती उत्तराची भाषा. घटनेच्या 210 व्या कलमानुसार विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्याला या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. म्हणजे मराठीत बोलणे ही अध्यक्षांची मर्जी. ती मिळाली, तरी टेबलावर पडणारे उत्तर कन्नडमध्येच.

1957 पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार इथून निवडून जाऊ लागले. त्यांची कोंडी समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. ज्या राज्यात राहायचे नाही म्हणून लोकांनी मत दिले, त्याच राज्याच्या मंत्र्याकडे शाळेची खोली, बसफेरी आणि ट्रान्सफॉर्मर मागायचा. सभागृहात सीमाप्रश्न काढला की गदारोळ. नाही काढला तर गावात विचारणार, ‘कशाला पाठवले होते तुम्हाला?’ सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे म्हैसूरला सुचवली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. 2004 पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नाच्या सावलीत गटाराचा प्रश्न खुजा दिसणारच. माझे मत विचाराल तर समितीच्या आमदारांना लोकांनी सीमेवरून जितके जोखले, तितके तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांवरून कधीच जोखले नाही. 2008 मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, 2013 मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापुरातून दोघे आले, 2018 आणि 2023 मध्ये पुन्हा पाटी कोरी. पराभवाची कारणे बरीच दिली जातात. नळाला पाणी न येणे हेही त्यांतले एक असावे.

बेळगावातले पहिले अधिवेशन सप्टेंबर 2006 मध्ये, कुमारस्वामी मुख्यमंत्री असताना, केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात भरले. त्याच्या आदल्या वर्षी महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला होता आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली होती. तेव्हा हे अधिवेशन कारभारासाठी की जागेवर हक्क सांगण्यासाठी, हे कुणी वेगळे सांगायला नको. 11 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच नागपूर आठवेल, पण नागपूरच्या अधिवेशनामागे 1953 चा नागपूर करार आहे. बेळगावमागे तसा कागद नाही, राजकीय गरज आहे. म्हणून पहिल्याच दिवशी समितीचा महामेळावा आणि त्यावरची पोलीस बंदी, हाही कामकाजाचाच भाग होऊन बसला. 22 डिसेंबर 2022 ला याच सौधात सीमेबाबत एक इंचही न देण्याचा ठराव एकमताने झाला. पाच दिवसांनी महाराष्ट्र विधानसभेने 865 गावांसाठी आपला ठराव केला.

गंमत अशी, की हक्क सांगायला बांधलेल्या इमारतीत हळूहळू दुसराच विषय शिरला, उत्तर कर्नाटकाच्या मागासलेपणाचा. राज्यातल्या प्रादेशिक असमतोलावर डॉ. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये अहवाल दिला. राज्यातले 114 तालुके मागास, त्यांतले 39 अतिमागास. त्यानंतर 31,000 कोटींची आठ वर्षांची विशेष योजना आखली गेली. घटनेच्या 371 जे कलमातल्या खास तरतुदींचा लाभ मात्र कलबुर्गी भागाला मिळाला, बेळगाव विभागाला नाही. तेव्हापासून प्रत्येक हिवाळी अधिवेशनात कन्नड आमदारही तेच विचारतात जे मराठी गावकरी विचारतो: आमच्या वाट्याचे गेले कुठे? ही चर्चा बहुधा शेवटच्या दोन दिवसांत ढकलली जाते आणि तोवर निम्मी बाके रिकामी झालेली असतात.

खरी अडचण सभागृहाच्या बाहेर सुरू होते. बस वायव्य परिवहनची, तिचे मुख्यालय हुबळीत. वीज हेस्कॉमची, तेही हुबळीत. मंत्री बेंगळुरात. सहायक अभियंत्याला विचारले की तो ‘वर कळवले आहे’ म्हणतो, आणि हे ‘वर’ नेमके कुठे, ते शोधण्यात वर्ष जाते. यासाठी तालुक्याला केडीपी, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाची, बैठक असते. आमदार अध्यक्ष, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर. जिल्ह्याची बैठक पालकमंत्री घेतात. तालुक्याच्या बैठकीला कॅमेरे कमी येतात, पण आमदार तयारीनिशी आला तर कामाच्या दृष्टीने मला ती हलग्यापेक्षा मोलाची वाटते. मंत्र्याने सभागृहात ‘लवकरच करू’ म्हटले की ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाते आणि खात्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. हे दार मात्र आमदाराने पाठपुरावा केला तरच उपयोगाचे.

सामान्य माणसाच्या हाती थेट आलेले साधन म्हणजे सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याची हमी देणारा 2011 चा सकाल कायदा. कन्नडमध्ये ‘सकाल’ म्हणजे वेळेवर. आपल्याकडे मात्र सकाळी कचेरीत गेलेला माणूस संध्याकाळी परततो. अर्ज केला की पंधरा आकडी क्रमांक मिळतो. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई, आणि ती जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून.

अर्जाच्या भाषेची लढाई वेगळीच. कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत, तिथे सरकारी नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरणही जुनेच. त्यावर देखरेख करणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे विभागीय कार्यालय खुद्द बेळगावात थाटले गेले. पण आयुक्तांचा अहवाल जातो राष्ट्रपतींमार्फत संसदेत. राज्याच्या तहसीलदाराला ते पत्र लिहू शकतात, जाब विचारू शकत नाहीत. जाब विचारू शकतो तो आमदार, आणि त्याला मिळालेल्या छापील उत्तराची प्रत खानापूरच्या गावात आली की पारावर आधी शोध सुरू होतो तो कन्नड वाचणाऱ्या पोराचा.