जलपर्णी काढली की नदी स्वच्छ होते का?
दर उन्हाळ्यात फिरणारा समज: ‘जलपर्णी काढली की नदी स्वच्छ.’ हिरवा गालिचा हटून पाणी दिसलं की तसं वाटणं साहजिकच आहे. पण मुळा-मुठेत ती फोफावते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. नाला सुरू, तर खुराकही सुरू. काठावरच टाकून दिली तर कुजून पुन्हा नदीतच. काढणीचं बिल मात्र दरवर्षी.

पडताळायचंय? एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, नाल्याच्या तोंडाशी उभं राहा; फेस दिसेल, वास येईल. मग माहिती अधिकारात, १० रुपयांच्या अर्जावर, जलपर्णी काढण्याचा आणि सांडपाणी शुद्धीकरणाचा वर्षवार खर्च मागा. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा, आकडाही मागा. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. आणि जाळ्यात हल्ली काय येतं, ते काठावरच्या भोई मंडळींना विचारा. निविदा काढताना त्यांना क्वचितच कुणी विचारतं.