सीमा (कलनशास्त्र)

चल राशी एखाद्या संख्येच्या हवी तितकी जवळ नेली असता तिच्यावर अवलंबून असलेले फलन ज्या संख्येच्या हवे तितके जवळ येते, ती संख्या म्हणजे त्या फलनाची सीमा. ती बिंदूपाशी असते, बिंदूवर नव्हे; प्रत्यक्ष बिंदूवर फलनाला किंमत नसली तरी चालते. अकरावी विज्ञानाच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात फलन, सीमा, सातत्य, अवकलन असा क्रम आहे. ठाणे-नवी मुंबईतील क्लासांत मात्र ‘सीमा’ क्वचितच ऐकू येते. तेथे ‘लिमिट काढतात’.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी सुमारे ३४ किमी. कापून ठाण्याला पोहोचली. प्रवासाचा वेळ बहुधा ५७ मिनिटे दिला जातो. तो मानल्यास सरासरी वेग ताशी सुमारे ३६ किमी. भरतो. पण कुर्ला मागे पडले त्या क्षणी वेग किती होता? क्षणाचा कालावधी शून्य, त्यात कापलेले अंतरही शून्य, म्हणून भागाकार ०/० असा अर्थहीन येतो. त्याऐवजी त्या क्षणालगतचे एक मिनिट, एक सेकंद, सेकंदाचा दहावा भाग असे कालखंड घेऊन प्रत्येकाचा सरासरी वेग काढत गेल्यास ते वेग ज्या संख्येपाशी स्थिरावतात, तो तात्कालिक वेग.

हाच प्रश्न ग्रहांबाबत भास्कराचार्यांनी (१११४–११८५) ‘तात्कालिकी गति’ म्हणून हाताळला. त्यावरून त्यांना कलनाचे मूलतत्त्व अवगत होते, असे पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ च्या सुमारास मांडले. इंग्रज गणिती स्पॉटिसवुड यांनी लवकरच त्यास हरकत घेतली. त्यांच्या लीलावती या ग्रंथातील शून्यपरिकर्मांचा (शून्यासह करायच्या क्रियांचा) नियमही या संदर्भात पुढे केला जातो : शून्याने गुणलेल्या राशीवर पुढील क्रिया बाकी असतील तर ती ‘शून्यगुणित’ म्हणूनच ठेवावी आणि पुढे शून्यानेच भागायचे झाल्यास राशी अविकृत (न बदललेली) समजावी. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही आचार्य म्हणतात. पुढे येणाऱ्या उदाहरणात (क्ष − ३) हा अवयव वर-खाली छेदणाऱ्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. तथापि भास्कराचार्यांचे शून्य खरोखरच शून्य आहे, शून्याकडे जाणारी राशी नव्हे. त्यामुळे येथे सीमेची चाहूल मानावी, संकल्पना नव्हे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. केरळमधील माधव (सु. १३४०–१४२५) यांच्या परंपरेतील अनंत श्रेढी (न संपणाऱ्या बेरजा) सीमेच्या याहून बऱ्याच जवळ जातात.

यूरोपात न्यूटन यांनी ‘अंतिम गुणोत्तरे’ वापरली, त्यांवर तत्त्वज्ञ बर्कली यांनी १७३४ मध्ये टीका केली आणि फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये शब्दांत व्याख्या दिली. ‘हवे तितके जवळ’ हे एप्सिलॉन व डेल्टा या लहान धन संख्यांनी नेमके सांगणारी आजची मांडणी सामान्यतः जर्मन गणिती वायरश्ट्रास यांच्या १८६१ च्या सुमाराच्या बर्लिनमधील व्याख्यानांशी जोडतात. म्हणजे ठाण्याची गाडी तिच्याआधी धावली.

सीमा काढताना आधी किंमत घालून पाहतात. ०/० आले तर ते उत्तर नसून रूप बदलण्याची सूचना असते. (क्ष² − ९) / (क्ष − ३) यात क्ष = २.९९ घेतल्यास ५.९९ आणि ३.०१ घेतल्यास ६.०१ येते. अवयव छेदल्यावर क्ष + ३ उरते आणि सीमा ६ मिळते. छेदणे वैध ठरते ते क्ष कधीही ३ होत नाही म्हणूनच. वहीत नेमके हेच लिहायचे राहते.

बिंदूकडे डावीकडून आणि उजवीकडून जाताना मिळणाऱ्या सीमा वेगळ्या असतील तर सीमा अस्तित्वात नसते. रिक्षाचा मीटर पहिल्या १.५ किमी.पर्यंत किमान भाडे दाखवतो आणि पुढे टप्प्याटप्प्याने उडी घेतो. उडीच्या जागी डावीकडची सीमा जुने भाडे, उजवीकडची नवे. प्रवाशाने कोणते द्यायचे, हे मीटर ठरवतो. सीमा ठरवत नाही.

साइन क्ष भागिले क्ष याची शून्यापाशी सीमा १ (क्ष रेडियनमध्ये). ती लोपिताल नियमाने (०/० आल्यास अंश व छेद यांचे अवकलज घेऊन सीमा काढण्याच्या रीतीने) एका ओळीत येते, पण त्या ओळीत वापरलेला साइनचा अवकलज (बदलाचा तात्कालिक दर) याच सीमेवरून सिद्ध करतात. म्हणून पाठ्यपुस्तके येथे वर्तुळपाकळी आणि त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची तुलना करतात.